गांधील माशी : पोळं रुपयाएवढं असतानाच बघा



या पानावर मी आपल्याशी एरवी बेण्याबद्दल, हुमणीबद्दल, खोडव्यातल्या पाचटाबद्दल बोलतो. या खेपेला एका माशीबद्दल लिहितो आहे. "साहेबांना आता विषय उरला नाही," असं कोणी म्हणेल. म्हणू द्या. ही माशी आपल्या गोठ्याच्या आढ्याला आहे, मोटरच्या पेटीत आहे, न्हाणीच्या पत्र्याखाली आहे आणि उभ्या उसातही आहे. तिच्या एका डंखानं मी मरता मरता वाचलो. ही हकिगत मी आजवर फारशी कुणाला सांगितली नव्हती. ऊस विकास अधिकारी असून माशीला भितो म्हणून लोक हसतील, असं वाटायचं. पण आता तोडणीचा हंगाम तोंडावर आला आहे, टोळ्या यायला लागतील, आणि गप्प राहिलो तर ते बरं होणार नाही. म्हणून हा लेख.

माझी हकिगत

लहानपणी आमच्या गावी गोठ्याच्या वाशाला गांधील माश्यांचं पोळं नाही, असं एक वर्ष गेलं नाही. दगड मारायचा आणि पळायचं, हा आमचा खेळ. एखादी चावलीच तर आजी त्या जागी विळ्याचं लोखंड घासायची नाहीतर चुना लावायची. संध्याकाळपर्यंत सूज उतरायची. गांधील माशी म्हणजे दोन तासांचं दुखणं, एवढीच माझी समजूत. नोकरीला लागल्यावरही प्लॉटमध्ये फिरताना वर्षातून एकदोनदा चावायचीच. कधी काही झालं नाही.

चार वर्षांपूर्वी श्रावणात एका लागणीच्या प्लॉटमध्ये मनगटावर चावली. या वेळी हात फार दुखला नाही, पण अर्ध्या तासात अंगभर पित्तासारख्या गांधी उठल्या, खाज सुटली आणि घेरी आल्यासारखं वाटलं. घरी येऊन पित्तावरची गोळी घेतली नि झोपलो. सकाळी उठलो तर सगळं ठीक. ही माझी पहिली चूक. शरीरानं मला नोटीस पाठवली होती. मी ती न वाचताच खिशात घातली.

पुढच्या वर्षी आश्विनात तोडणी कार्यक्रमासाठी आडसाली उसाची पक्वता बघत होतो. हातात ब्रिक्स मोजायचं यंत्र होतं. सरी धरून आत शिरलो, पाचट अंगाला घासत होतं. एका उसाला खांदा लागला, पान हललं आणि मानेत दाभण टोचल्यासारखं झालं. माशी एकच. मी तसाच मागं फिरलो. बांधावर येईपर्यंत तळहात आणि तळपाय खाजायला लागले, ओठ जड झाले, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटू लागलं आणि आवाज बसला. मग डोळ्यांपुढे अंधारी आली. हे सगळं पाच-सात मिनिटांत.

त्या शेताचे मालक आपले जुने सभासद. त्यांनी त्या वेळी तीन गोष्टी बरोबर केल्या. मला आडवं निजवून पाय खताच्या पोत्यावर उंच ठेवले. कांदा आणा, चुना आणा, यात वेळ घालवला नाही. आणि शेजाऱ्याचा टेम्पो बोलावून मला तसाच आडवा दवाखान्यात नेला. मोटारसायकलवर मध्ये बसवून नेण्याचं कोणीतरी सुचवलं होतं, ते त्यांनी ऐकलं नाही. रक्तदाब पडलेल्या माणसाला उठवून बसवलं तर तेवढ्यानंही जीव जाऊ शकतो, हे मला नंतर कळलं.

दवाखान्यात मांडीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन दिलं. थोड्याच वेळात श्वास मोकळा झाला. रात्रभर मला तिथंच ठेवून घेतलं, कारण असा झटका काही तासांनी पुन्हा येऊ शकतो. डॉक्टरांनी विचारलं, "यापूर्वी असं काही झालं होतं?" मी मागल्या श्रावणातल्या गांधी सांगितल्या. ते म्हणाले, "मग तेव्हाच का आला नाहीत?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसरी चूक याहून मोठी आहे. त्यानंतरचा हंगाम मी बांधावरून काढला. आमच्या गटातला चिटबॉय विशीतला पोरगा. मी त्याला आत धाडायचो आणि तो सांगेल ते वहीत लिहायचो. सही माझी, आत शिरणारा तो. कार्तिकात एके दिवशी तो उसातून धावत बाहेर आला तो डोळ्याखाली तीन डंख घेऊन. डोळा पार मिटला होता. मला म्हणाला, "साहेब, तुम्हाला नाही ना चावली?" त्याला तसा काही त्रास झाला नाही, तीन दिवसांत सूज उतरली. पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही. आत धोका आहे हे मला पक्कं माहीत होतं आणि मी ते त्याला सांगितलं नव्हतं. भीती माझी, डंख त्याला.

दुसऱ्या दिवशी त्याला सगळं सांगितलं. मग आम्ही दोघांनी बसून काही नियम ठरवले. तेच पुढे देत आहे.

माशी कोणती ते आधी ओळखा

आपल्याकडे सगळ्यांनाच गांधील माशी म्हणतात, पण त्यांचे स्वभाव वेगळे आहेत.

पहिली, कागदी पोळ्याची माशी. अंगानं सडपातळ, कंबर बारीक, रंग तांबूस-तपकिरी, अंगावर पिवळे ठिपके किंवा पट्टे. लाकडाचा आणि वाळल्या काड्यांचा भुसा चावून, त्यात लाळ मिसळून ती कागदासारखं पोळं करते. ते एका बारीक देठाला उलट्या छत्रीसारखं टांगलेलं असतं, घरं खालून उघडी दिसतात. उसाच्या पानामागं, वाशाला, खिडकीच्या वरच्या चौकटीला आणि स्टार्टरच्या पेटीत सापडतं ते बहुधा हेच. एका पोळ्यावर माश्या थोड्या असतात, पण पोळ्याला धक्का लागला की त्या अंगावर येतात.

दुसरी, मोठी गांधील. अंगठ्याच्या पेराएवढी लांब. एक जात तांबूस-तपकिरी, पोटावर पिवळा पट्टा आणि तोंडही पिवळं. दुसरी काळी, पोटावर पिवळसर रुंद पट्टा. हिचं पोळं जुन्या भिंतीच्या पोकळीत, जमिनीतल्या बिळात, झाडाच्या ढोलीत किंवा माळ्यावर असतं. बाहेरून नुसतं भोक दिसतं, आत शेकडो माश्या असू शकतात. हिच्याशी आपण स्वतः खेळायचं नाही.

तिसरी, कुंभारीण. भिंतीवर, खुंटीमागं, फवारणी पंपाच्या नळीत किंवा ठिबकच्या उघड्या तोंडात चिखलाचं घर बांधते आणि पिलांसाठी त्यात कोळी नाहीतर अळ्या भरून ठेवते. ही एकटी राहते, घराची राखण करत नाही, मुद्दाम पकडल्याशिवाय सहसा चावत नाही. नळ्यांची तोंडं झाकून ठेवा म्हणजे तिचा उपद्रव संपला.

आणि आग्या मोहोळ ही गांधील नव्हे, ती मधमाशी. उंच झाडाला, पाण्याच्या टाकीला, पुलाखाली तिचं मोठं मोहोळ लटकतं. ती उठली की शेकड्यांनी पाठलाग करते. मधमाशीची नांगी काटेरी असल्यामुळे कातडीत तुटून राहते आणि ती माशी मरते. गांधीलीची नांगी तुटत नाही, त्यामुळे एकच माशी चार वेळा डंख करू शकते. दोन्हींत डंख करते ती मादीच. नराला नांगी नसते.

हिचाही हंगाम असतो

पावसाळ्याच्या तोंडाशी एखादी मादी, कधी दोघी-तिघी मिळून, नवं पोळं धरतात. तेव्हा ते रुपयाच्या नाण्याएवढं असतं आणि त्यावर एखाददुसरीच माशी बसलेली दिसते. श्रावण-भाद्रपदात रान हिरवं होतं, अळ्यांचा सुकाळ होतो, पोळं वाढत जातं. आश्विन-कार्तिकात ते भरास आलेलं असतं. नेमका त्याच वेळी आपल्याकडे दसरा-दिवाळीची साफसफाई निघते, कौलं-पत्रे हलतात, माळे उघडले जातात आणि तोडणीही सुरू होते. म्हणून सप्टेंबर ते नोव्हेंबर हा काळ सर्वांत जपून राहण्याचा.

याचा अर्थ बाकीचे महिने मोकळे, असा नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्रा. राघवेंद्र गदगकर यांनी दक्षिण भारतातल्या कागदी पोळ्याच्या एका माशीवर, रोपालिडिया मार्जिनाटावर, कित्येक वर्षं अभ्यास केला. तिची पोळी बारा महिने सापडतात. थंड मुलखात गांधीलीची वसाहत हिवाळ्यात मोडते, तसं इकडे होतंच असं नाही. उन्हाळ्यात याच माश्या हौदावर, ठिबकच्या गळक्या जोडावर, मोरीच्या ओल्या कडेला पाण्यासाठी येतात. गुऱ्हाळ, रसवंती आणि ताज्या तुटलेल्या उसाची टोकं, इथं त्या गोडासाठी येतात.

दिवसाचीही वेळ असते. ऊन तापलं की त्या चपळ होतात. थंडीच्या पहाटे सुस्त असतात. अंधार पडला की सगळ्या पोळ्यावर असतात. म्हणून रात्री मोटर चालू करायला गेलेला माणूस पेटी उघडतो, आणि हात थेट पोळ्याला लागतो.

सगळ्याच मारू नका

हे वाचून कोणी आजच टेंभा घेऊन निघेल, त्याच्यासाठी एक गोष्ट सांगतो. आपल्यापैकी अनेकांनी खोडकिडीसाठी ट्रायकोकार्ड लावली आहेत. संध्याकाळी कार्डाच्या पट्ट्या पानाच्या खालच्या बाजूला टाचल्या आहेत. त्या कार्डातून काय बाहेर पडतं? ट्रायकोग्रामा. ही गांधीलीच्याच कुळातली, एक मिलिमीटरहूनही लहान माशी. किडीच्या अंड्यात आपलं अंडं घालते, त्यामुळे अळी जन्मालाच येत नाही. माणसाला ती चावत नाही. म्हणजे एका हातानं गांधीलीचं कूळ आपण विकत आणून शेतात सोडतो.

२००२ साली लोकरी मावा आला, तेव्हा पांढरी झालेली उसाची पानं आपल्यातल्या जुन्या लोकांना आठवत असतील. औषध फवारून तो हटेना. शेवटी डिफा, मायक्रोमस या मित्रकीटकांनी आणि त्यांच्याबरोबर एन्कार्सिया नावाच्या अशाच एका बारीक माशीनं त्याला आवर घातला.

मोठी गांधीलही अळ्या धरते, चावून गोळा करते आणि पिलांना भरवते. कापसावरची, तुरीवरची, भाजीवरची अळी ती फुकटात वेचते. तेव्हा बांधावरच्या बाभळीला, वहिवाटीपासून दूर पोळं असेल तर ते राहू द्या. माणसाच्या हाताच्या, डोक्याच्या आणि वाटेच्या आड येतं तेवढंच काढायचं.

घराभोवती

सर्वांत सोपा उपाय म्हणजे लवकर बघणं. ज्येष्ठापासून कार्तिकापर्यंत आठवड्यातून एकदा, दहा मिनिटं, घराभोवती फेरी मारा. वळचणीखाली, खिडकीच्या वर, दिव्याच्या होल्डरजवळ, गोठ्यात, चुलीच्या लाकडांच्या ढिगात, शौचालयाच्या छपराला, जुन्या टायरात, उभ्या ट्रॉलीच्या फळकुटाखाली, मोटरच्या पेटीत. पोळं रुपयाएवढं असेल आणि त्यावर एकदोनच माश्या असतील, तर संध्याकाळी लांब काठीनं ते पाडा आणि सरळ दूर चालत जा. त्याच जागी पुन्हा धरतात का हे आठ दिवस बघा.

पोळं तळहाताएवढं झालं असेल, किंवा भोकातून मोठ्या गांधील माश्या ये-जा करत असतील, तर हात लावू नका. कीड नियंत्रणाचं काम करणाऱ्या माणसाला बोलवा. तोवर तिकडची वाट बंद करा, मुलांना आणि जनावरांना लांब बांधा.

काय करू नये तेही सांगतो. टेंभा लावू नका. उसाच्या, कडब्याच्या आणि पाचटाच्या मुलखात एक माशी मारताना गंजी पेटते. भोक माती-सिमेंटनं बुजवू नका. आतल्या माश्या दुसरी वाट कोरतात आणि ती घराच्या आतल्या बाजूला निघू शकते. पिकावरचं कीटकनाशक घरात मारू नका, त्यानं माशीआधी आपल्याला विषबाधा व्हायची. धूर केला की गांधील शांत होते, हाही भ्रम. धुराची युक्ती मधमाशीवर चालते, हिच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

उसाचा रस, चहा, सरबत उघड्यावर ठेवलं असेल तर पिण्याआधी पेल्यात डोकवा. घशात डंख झाला तर आतून सूज येऊन श्वास कोंडतो. लहान मुलांच्या हातात उसाचं कांडं देताना तेही बघून द्या. मोटरची पेटी उघडण्याआधी बाजूनं काठीनं दोनदा ठोका, लांब उभं राहून एक मिनिट थांबा आणि बॅटरीच्या उजेडात बघून मगच हात घाला. पेटीची वायर जाण्याची भोकं बुजवून घ्या. फवारणी पंप आणि गमबूट वापरण्याआधी झटका.

फडात

आता मुख्य मुद्दा. आपल्या उसात पोळं कुठं आहे, हे आपल्याला माहीत असतं. पाणी देताना, पाचट काढताना, वैरणीला वाढं आणताना कुठंतरी माशी उठलेली असते. आपण ती सरी टाळतो आणि विसरून जातो. तोडणीच्या दिवशी तिथं पहिला कोयता पडतो तो बीडकडून नाहीतर दुसऱ्या दुष्काळी तालुक्यातून आलेल्या बाईचा किंवा बाप्याचा. त्यांना त्या सरीतलं काही ठाऊक नसतं. त्यांची लेकरं तिथंच बांधावर, पाचटाच्या सावलीत झोपवलेली असतात. त्यांना काही झालं तर दवाखाना कुठं आहे, हेही त्यांना माहीत नसतं. माझ्या चिटबॉयच्या बाबतीत मी जे केलं, ते आपण न कळत दरवर्षी करतो.

म्हणून आमच्या गटात आम्ही चिंधीची पद्धत सुरू केली. त्याचे नियम असे.

एक : तोड येण्याच्या आठवडाभर आधी, ऊन तापल्यावर, बांधाच्या चारी बाजूंनी दहा-दहा मिनिटं उभं राहून बघा. माश्या एकाच ठिकाणी सारख्या ये-जा करत असतील तर तिथं पोळं आहे. आत घुसून शोधू नका.

दोन : त्या सरीच्या समोर बांधावर काठी रोवा आणि तिला रंगीत चिंधी बांधा. किती पावलं आत आहे, ते अंदाजानं लक्षात ठेवा.

तीन : मुकादमाला आणि चिटबॉयला पहिल्याच दिवशी प्रत्यक्ष नेऊन जागा दाखवा. फोनवर सांगून भागत नाही. लेकरांच्या झोळ्या आणि बैल त्या बाजूला बांधू देऊ नका.

चार : तोड दुसऱ्या बाजूनं सुरू करा. पोळ्याभोवती चारी बाजूंनी दहा-बारा फुटांचा ऊस उभा ठेवा. ट्रॅक्टर तिथं चालू ठेवू नका, हादऱ्यानं माश्या उठतात. यंत्रानं तोड असली तरी चालकाला हीच माहिती द्या.

पाच : तो राखलेला तुकडा सर्वांत शेवटी. पोळं लहान, कागदी असेल तर पहाटेच्या थंडीत एकाच जाणत्या माणसानं जाड कपडे घालून, तोंड-मान झाकून, लांब बांबूनं ते खाली पाडावं आणि मागं यावं. बाकीचे लांब. ऊन वर येऊन माश्या पांगल्या की मग कोयता. मोठी गांधील किंवा आग्या मोहोळ असेल तर तुकडा तसाच ठेवा आणि गट कार्यालयात कळवा. चार मोळ्या उसासाठी माणूस पणाला लावू नका.

सहा : फड पेटवून देणं हा उपाय नाही. जळक्या उसाला वजन कमी, साखर कमी, कपात वेगळी. पाचट जातं ते निराळंच.

एखादी माशी भोवती फिरू लागली तर हात झाडू नका, हळूच बाजूला व्हा. दोन-चार अंगावर आल्या तर मात्र थांबू नका. डोकं-तोंड कपड्यानं झाका आणि सरीनं सरळ पळत बाहेर या. शक्य असेल तर घरात किंवा बंद गाडीत शिरा. विहिरीत-कॅनॉलमध्ये उडी टाकू नका. माश्या वर घिरट्या घालत राहतात, आणि पोहणं येत नसेल तर भलतंच व्हायचं. डंख करताना माशीच्या विषाचा वास सुटतो, त्यानं बाकीच्याही धावून येतात. म्हणून चावलेल्या जागेवरच उभं राहून बघत बसू नये.

चावलीच तर

आधी त्या जागेपासून दूर या. मधमाशी असेल तर कातडीत राहिलेली नांगी नखानं लगेच काढा. कशी काढता यापेक्षा किती लवकर काढता याला महत्त्व. गांधीलीची नांगी राहत नाही, शोधत बसू नका. जागा साबण-पाण्यानं धुवा. गार पाण्याची घडी ठेवा. हातावर चावली असेल तर अंगठी, बांगड्या, कडं लगेच काढा, सुजल्यावर निघत नाहीत. खाजेसाठी डॉक्टरांनी सांगितलेली सेट्रिझिनसारखी गोळी चालते. चुना लावू नका, कातडी भाजते. लोखंड घासून, चिखल लावून विष उतरत नाही, उलट जखम चिघळते. विष कातडीच्या आत गेलेलं असतं, वरून लावलेलं तिथं पोचत नाही.

चावलेल्या जागीच सूज आली, दुखलं, तर बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. पण पुढचं काही दिसलं तर एक मिनिटही घालवायचं नाही : अंगभर गांधी उठणं, ओठ-जीभ-पापण्या सुजणं, आवाज बसणं, धाप लागणं, घेरी येणं, उलटी-जुलाब, शुद्ध हरपणं. माणसाला आडवं करा, पाय उंच ठेवा. धाप लागली असेल तर टेकून बसू द्या, पण उभं करू नका, चालवू नका. १०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि मोफत आहे. गाडी लवकर येणार नसेल तर मिळेल त्या चारचाकीत आडवं घालून निघा, आणि वाटेतून दवाखान्याला कळवा. यावरचं खरं औषध ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन. गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही.

डंख पुष्कळ असतील, मोठ्या माणसाला दहा-वीसच्या वर, मुलाला त्याहून थोडेही, तर त्रास वाटत नसला तरी दवाखान्यात जा. जास्त विष गेलं तर दोन-तीन दिवसांनी मूत्रपिंडावर परिणाम होतो. लघवी कोऱ्या चहासारखी झाली किंवा कमी झाली, तर तेही सांगा.

आणि ज्याला एकदा अंगभर गांधी उठल्या, घेरी आली किंवा धाप लागली, त्यानं "उतरलं ना" म्हणून सोडून देऊ नये. पुढचा डंख त्याहून जड जाऊ शकतो. माझंच उदाहरण समोर आहे. डॉक्टरांच्या सल्ल्यानं मी आता ॲड्रेनॅलिनची कुपी आणि सुई पिशवीत बाळगतो. ती मांडीच्या बाहेरच्या बाजूला कशी द्यायची, ते मी शिकलो, घरच्यांना आणि चिटबॉयलाही शिकवून घेतलं. औषध उन्हानं आणि उष्णतेनं बिघडतं, म्हणून गाडीच्या डिकीत ठेवत नाही. मुदत संपली की बदलतो. हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरांना विचारूनच करायचं.

मी आता पुन्हा उसात जातो. बाह्या खाली, गळ्याभोवती पंचा, आणि आत शिरण्याआधी बांधावर दहा मिनिटं उभा. एक-दोन सभासदांनी विचारलं, "साहेब, कशाची वाट बघताय?" त्यांना हा लेख म्हणजे उत्तर.

शेवटी एकच विनंती. यंदा तोडणीची चिठ्ठी हातात पडली की मुकादमाला काट्याबद्दल, वाढ्याबद्दल, गाडीवाटेबद्दल सांगाल, तेव्हा पोळ्याबद्दलही सांगा. एक काठी आणि फाटक्या लुगड्याची एक चिंधी, एवढाच खर्च आहे. चिंध्या नसतील तर गट कार्यालयात या. आमच्या चिटबॉयनं एक पोतं भरून ठेवलं आहे.

आपला,
ऊस विकास अधिकारी